फोर्टेपियानोची आस आणि माइकचं अंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोझार्ट, बेथोव्हेन यांचं संगीत त्यांच्याच काळातल्या पियानोवर, म्हणजे फोर्टेपियानोवर, वाजवून रेकॉर्ड करतात, त्यातून खरंच काही हाती लागतं की ही नुसती जुन्याची हौस? आणि आजच्या पियानोपेक्षा हे रेकॉर्डिंग वेगळं कसं करतात? विचारणाऱ्यांनी प्रांजळपणे हेही लिहिलंय की त्यांनी ऐकलेल्या दोन-तीन रेकॉर्डिंगमध्ये तो पियानो ‘पत्र्याच्या डब्यासारखा’ वाजत होता.

डब्यापासूनच सुरुवात करतो, कारण असा एक डबा मी स्वतः रेकॉर्ड केलेला आहे.

पुण्यातून नेदरलँड्सला येऊन मला दोन-तीन वर्षं झाली होती. तोवर स्टाइनवे कंपनीचे आजचे पियानो बरेच रेकॉर्ड केले होते, त्यामुळे हात सरावलेला होता. एका छोट्या गावातल्या चर्चमध्ये मोझार्टच्या सोनाटांचं, म्हणजे अनेक भागांच्या पियानो-रचनांचं, काम मिळालं. वाद्य होतं व्हिएन्नाच्या आंतोन वाल्टरच्या पियानोची नवी प्रतिकृती. मी नेहमीप्रमाणे झाकण पूर्ण उघडलं, दोन माइक सव्वादोन मीटरवर, उंच, आणि लेव्हल बघून मोकळा झालो. पहिला टेक ऐकताना वादक बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मला उठवून पियानोच्या शेजारी, पट्ट्यांपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसवलं. तेच पान पुन्हा वाजवलं. मग म्हणाल्या, ‘आता सांग, तिकडे जे ऐकलंस ते हेच होतं का?’

नव्हतं. खुर्चीत बसून ऐकला तो आवाज गरम होता, प्रत्येक सूर कानाशी बोलल्यासारखा. माइकमध्ये आलं होतं ते चर्चच्या छतावरून परतलेलं किणकिणणं. सूर चर्चमध्येच विरून गेले होते आणि त्यांची फक्त टोकं माझ्यापर्यंत पोचली होती. तुमचा पत्र्याचा डबा बहुतेक वेळा असाच तयार होतो. त्यात वाद्याचा दोष क्वचित असतो.

असं का होतं ते वाद्याच्या बांधणीत आहे. आजचा मोठा कॉन्सर्ट पियानो घ्या, स्टाइनवेचं मॉडेल डी: लांबी २७४ सेंटिमीटर, वजन ४८० किलोच्या घरात, आत ओतीव लोखंडाची चौकट, आणि सगळ्या तारांचा मिळून ताण २० टनांच्या आसपास. आता मोझार्टने साधारण १७८२ मध्ये घेतलेला वाल्टर बघा. वजन जेमतेम ८५ किलो, लोखंडी चौकट नाही, सगळा सांगाडा लाकडाचा, पाच सप्तकं, ६१ पट्ट्या. तारा बारीक. हातोड्या बोटाच्या पेराएवढ्या, त्यांच्यावर आजच्यासारखा जाड नमदा नाही, पातळ चामडं. व्हिएन्नाच्या पद्धतीत तर हातोडी पट्टीवरच बसवलेली असते, त्यामुळे बोट आणि तार यांच्यात मध्यस्थ फार कमी. पट्टी आजच्या पियानोत सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, इथे त्याच्या निम्मी.

१७८५ च्या मार्चमध्ये मोझार्टचे वडील लिओपोल्ड व्हिएन्नात मुलाकडे राहायला होते. मुलीला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की मी आल्यापासून तुझ्या भावाचा पियानो निदान बारा वेळा तरी नाटकगृहात किंवा कोणा ना कोणाच्या घरी उचलून नेलाय. पायपेटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आपल्या नाटक मंडळ्यांना हे चित्र अजिबात परकं वाटलं नसतं.

तर एवढ्या हलक्या वाद्यातून आवाज निघतो कसा? झटकन निघतो आणि झटकन विरतो. तंबोऱ्याबद्दल आपण म्हणतो ना, ‘आस चांगली आहे’, ती आस इथे आखूड असते. सुराच्या आधी एक स्पष्ट व्यंजन ऐकू येतं, मग सूर उमलतो आणि लगेच उतरायला लागतो. आजच्या पियानोत सूर उभा राहतो. दुसरी गोष्ट तारांच्या मांडणीची. आज खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या नेतात, तेव्हा त्या सगळ्या सरळ, एकमेकींना समांतर असायच्या. त्यामुळे खर्ज, मध्य आणि वरचा भाग यांचे रंग वेगवेगळे, जणू तीन माणसं बोलताहेत. आजचा पियानो वरपासून खालपर्यंत एका रंगात असावा म्हणून कारागिरांनी शंभर वर्षं घाम गाळला. तो साधलाही. पण मोझार्टने किंवा त्याच्याच काळातल्या हेडन या संगीतकाराने डावा हात लिहिला तो त्या जुन्या खर्जासाठी, जिथे दाट स्वरसमूहसुद्धा चिखल होत नाही.

हाती काय लागतं, याचं माझं आवडतं उदाहरण बेथोव्हेनच्या ‘पातेतिक’ सोनाटाचं (ओपस १३). पहिलाच स्वरसमूह सी मायनरचा, दोन्ही हातांत भरघोस, आणि खाली खूण आहे ‘एफपी’: म्हणजे जोरात वाजवा आणि लगेच हळू व्हा. आजच्या पियानोवर हे करून बघा. जोरात वाजवलेला सूर हटता हटत नाही. काही वादक थांबून राहतात, काही पॅडल अर्धवट सोडून आवाज गाळतात, काही ती खूण सोडूनच देतात. वाल्टरच्या प्रतिकृतीवर हाच स्वरसमूह आला की कसलीही युक्ती लागत नाही. ठोका पडतो, लाकूड कडाडल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या सुराची वेळ होईपर्यंत आवाज आपोआप खाली आलेला असतो. बेथोव्हेनने वाद्य जे करतं तेच कागदावर लिहिलं होतं. स्टुडिओत पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पडद्यावरच्या आलेखाकडे बघत बसलो होतो. उतरती रेघ अगदी त्या खुणेसारखी.

दुसरं उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. ‘मूनलाइट’ म्हणून ओळखला जाणारा सोनाटा (ओपस २७, क्रमांक २) १८०२ मध्ये छापला गेला, त्याच्या सुरुवातीला सूचना आहे की हा पूर्ण भाग अत्यंत नाजूकपणे आणि ‘सेन्झा सॉर्दिनो’ वाजवावा. म्हणजे तारांवर बसून सूर थांबवणारे डॅम्पर उचललेले ठेवून. आजच्या पियानोवर शब्दशः पाळायला गेलात तर चार मापांत सगळा गाळ. फोर्टेपियानोवर जुने सूर नव्यांच्या वाटेतून वेळेत बाजूला होतात. मागे फक्त एक धुकं उरतं, आणि बहुधा तेच हवं होतं.

आता ‘त्या काळातला पियानो’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. व्हिएन्नाचा पियानो आणि लंडनचा पियानो ही जवळजवळ दोन वाद्यं आहेत. लंडनच्या ब्रॉडवुडची आस लांब, आवाज जाड, डॅम्परही सैलसर. हेडन लंडनला गेला आणि १७९४-९५ च्या सुमारास त्याने सी मेजरमधला जो मोठा सोनाटा लिहिला (होबोकेनच्या यादीतला क्रमांक १६:५०), त्यात ‘ओपन पॅडल’ अशी सूचना आहे. ती व्हिएन्नाच्या पियानोसाठी नव्हे, त्या इंग्लिश घुमाऱ्यासाठी. एकाच डिस्कवर हेडनचे सगळे सोनाटा एकाच वाद्यावर वाजवले असतील तर कुठेतरी तडजोड झालीय हे ओळखावं. शोपॅनचं तर गावच वेगळं, त्याला पॅरिसच्या प्लेयेल पियानोचा मऊ, जवळचा आवाज प्रिय. वॉर्सात २०१८ पासून जुन्या वाद्यांवरची शोपॅन स्पर्धा भरते. तिच्यासाठी शोपॅनच्या तरुणपणातल्या वॉर्साच्या बुखहोल्त्झ पियानोची प्रतिकृतीही पॉल मॅकनल्टी या कारागिराकडून बनवून घेतली गेली.

मूळ वाद्य की प्रतिकृती, हा वाद या धंद्यात कायमचा. माझं मत सांगतो, मान्य करायलाच हवं असं नाही. मोझार्ट आणि सुरुवातीचा बेथोव्हेन यांच्यासाठी चांगली प्रतिकृती. कारण सोपं आहे: मोझार्टने दोनशे वर्षं जुना वाल्टर कधीच वाजवला नाही, त्याच्याकडे नवा होता. मूळ वाद्यांत साउंडबोर्डला, म्हणजे तारांखालच्या घुमणाऱ्या लाकडी फळीला, भेगा गेलेल्या, हातोड्यांचं चामडं वाळून कडक झालेलं, आणि दुरुस्तीचे थर. मोझार्टचा स्वतःचा वाल्टर त्याचा मुलगा कार्ल याने १८५६ मध्ये साल्झबुर्गला दिला आणि तो आजही तिथे वाजता आहे, पण अभ्यासकांचं म्हणणं असं की मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या आतल्या यंत्रणेत फेरफार झालेत. तरी पियानोवादक रॉबर्ट लेव्हिन यांनी त्याच वाद्यावर मोझार्टचे सोनाटा रेकॉर्ड केलेत (ईसीएम कंपनी, २०२२), आणि ते ऐकताना माझा हा सगळा तर्क थोडा वेळ बाजूला राहतो, हेही खरं. शोपॅन, शूमान यांच्याकडे आलात की मूळ वाद्यं जास्त संख्येने आणि जास्त मजबूत उपलब्ध आहेत. तिथे मूळच घ्यावं.

बरं, आता कामाचं बोलू.

खोली. रेकॉर्ड कंपन्या चर्चला धावतात कारण तिथे शांतता असते, उंची असते आणि भाडं परवडतं. रोनाल्ड ब्राउटिगाम यांनी बेथोव्हेनचे सोनाटा स्वीडनमधल्या ऑस्टेरोकर चर्चमध्ये रेकॉर्ड केले आणि ते उत्तम आहेत, म्हणजे चर्च चालतच नाही असं नाही. पण हे वाद्य दिवाणखान्याचं. दीड सेकंदापेक्षा जास्त घुमणाऱ्या जागेत मी आता सहसा जात नाही. लाकडी जमीन हवी, सतरंजी गुंडाळून बाहेर. आणि या वाद्याचा एक मोठा फायदा असा की दोन माणसं ते उचलून फिरवू शकतात. स्टाइनवे एकदा बसला की बसला, मग माइक नाचवायचे. फोर्टेपियानो आम्ही खोलीत चार ठिकाणी ठेवून बघतो आणि एका कोनात तो अचानक बोलायला लागतो. त्या कोनाचं गणित मला आजवर मांडता आलेलं नाही. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करायची आणि ती संध्याकाळी साफसफाईवाल्यांनी काढू नये म्हणून चिठ्ठी लावायची.

माइक. ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी ऐकणाऱ्या, माइकची एक जोडी, दोघांमध्ये ४० ते ५० सेंटिमीटर, वाद्याच्या वळणदार बाजूपासून मीटर-सव्वा मीटर. उंची तारांपेक्षा फार नाही. आणखी जवळ गेलात तर हातोड्यांचा खडखडाट पुढे येतो आणि सूर मागे पडतो. लांब गेलात तर माझा तो पहिला डबा. ही जी मधली जागा आहे ती स्टाइनवेला चांगली ऐसपैस मिळते, इथे ती वीतभर असते. म्हणून मी माइक लावून झाला की वादकाला वाजवायला सांगून स्वतः माइकच्या जागी डोकं नेऊन ऐकतो. लोक हसतात. हसू देत. खोलीसाठी दुसरी जोडी तीन-साडेतीन मीटरवर ठेवतो, मिश्रणात ती अगदी चिमूटभर.

आवाज लहान, म्हणून माइकचा आवाज मोठा करणाऱ्या प्रीॲम्पचा गेन वाढवावा लागतो, आणि गेन वाढला की जे नको तेही वाढतं. माइकची स्वतःची सरसर इथे ऐकू येते, स्टाइनवेच्या कामात ती कधी आठवतही नाही. बाहेरचं विमान, हीटिंगचा पाइप, खिडकीतली माशी, सगळं येतं. मे महिन्यात एका चर्चच्या छपराखाली पाकोळ्यांनी घरटी केली होती. पहाटे पाच ते रात्री दहा त्यांचं चालू. आम्ही दोन रात्री जागून काम संपवलं.

मग वाद्याचे स्वतःचे आवाज. वाल्टरला पायाचं पॅडल नसतं, पट्ट्यांखाली गुडघ्याने उचलायच्या दांड्या असतात. दांडी सोडली की सगळे डॅम्पर एकदम तारांवर बसतात: धप्प. शिवाय मॉडरेटर नावाची सोय असते, तिची कळ ओढली की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये कापडाची पट्टी सरकते आणि आवाज एकदम कुजबुजीवर येतो. शूबर्टला हे कापड फार शोभतं. पण ती कळ ओढल्याचा आवाजही येतो. नवा माणूस हे सगळं संगणकावर पुसून काढायच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. पुसलं की सुराच्या सुरुवातीचं व्यंजनही जातं आणि वाद्य बोबडं होतं. आता माझा नियम असा की जो आवाज संगीताच्या लयीत येतो तो राहतो, जो लयीबाहेर येतो तो वाद्यातच दुरुस्त करायचा. एकदा गुडघ्याची दांडी प्रत्येक वेळी कुरकुरत होती. ट्यूनर बाईंनी खाली झोपून, तोंडात टॉर्च धरून, चामड्याला ग्रॅफाइटची पूड चोळली. पाच मिनिटांचं काम. संगणकावर त्याला माझे दोन दिवस गेले असते.

या बाईंचं महत्त्व कितीही सांगितलं तरी कमीच. स्टाइनवेचा ट्यूनर सकाळी येतो, जेवणाच्या सुट्टीत एकदा हात फिरवतो. इथे ट्यूनर दिवसभर बसून असतात, विणकाम वगैरे घेऊन, आणि दर ३०-४० मिनिटांनी उठतात. लाकडी सांगाडा हवेबरोबर हलतो. मला खोलीत ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. हिवाळ्यात हीटिंग लावलं की ती ३० वर येते आणि दोन तासांत सूर उतरायला लागतो. सुराची पट्टीही आजची नाही: ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झऐवजी सहसा ४३० वर. संध्याकाळपर्यंत ती ४२८ झाली तर वादकाच्या लक्षात येणार नाही, पण सकाळचा टेक ७ आणि संध्याकाळचा टेक १९ जोडायला गेलात की सांधा कानाला टोचतो. म्हणून आम्ही एका भागाचे सगळे टेक सलग घेतो आणि सांधे शक्यतो एकाच ट्यूनिंगमधले जोडतो. यामुळे वादकावर ताण येतो. पण लांब, सलग वाजवलेले टेक जास्त मिळतात, आणि रेकॉर्डिंगला त्याचा फायदाच होतो.

स्वरांची वाटणीही समान नसते. सी मेजर गोड, जवळजवळ शुद्ध, आणि जसजशा काळ्या पट्ट्या वाढतील तसतसे गांधार ताणले जातात. ‘मूनलाइट’ सी शार्प मायनरमध्ये का अस्वस्थ वाटतो, त्याचं थोडं उत्तर इथे आहे. आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये. पेटीच्या समान वाटलेल्या सुरांवरून आपल्याकडे किती भांडणं झाली, ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. युरोपातले माझे सहकारी ही गोष्ट ऐकून चकित होतात.

तार तुटणं नेहमीचंच. बेथोव्हेनच्या टेकमध्ये तुटली की ‘ट्यांग’ असा आवाज येऊन सगळे एक क्षण गप्प, मग ट्यूनर बाई आपली पिशवी उघडतात. नवी तार ताणत राहते, म्हणून त्या सुराला दर दहा मिनिटांनी खुंटी. अशा दिवशी मी वेळापत्रकातून जलद भाग काढून संथ भाग पुढे घेतो. निर्मात्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं: ७० मिनिटांच्या संगीताला स्टाइनवेवर तीन दिवस पुरत असतील तर इथे चार धरा.

राहिला तुमचा डबा. रेकॉर्डिंग चांगलं असूनही घरी तो डबा वाटू शकतो, आणि त्याचं कारण आवाजाची पातळी. मास्टरिंगमध्ये, म्हणजे डिस्क निघण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, फोर्टेपियानोची डिस्क जवळजवळ स्टाइनवेच्या डिस्कइतकी मोठी करतात, नाहीतर लोक तक्रार करतात. तुम्ही नेहमीच्या सवयीने नॉब ठेवता आणि दिवाणखान्यातलं वाद्य सभागृहाएवढं होतं. बारीक तारा, कातडी हातोड्या, सगळं भिंगाखाली. मोठं केल्यावर ते कर्कश होणारच.

क्रिस्तियान बेझ्वीदेन्हाउट यांची मोझार्टची मालिका (हार्मोनिया मुंडी) घ्या, किंवा आंद्राश शिफ यांनी १८२० च्या सुमाराच्या ब्रोडमान पियानोवर वाजवलेला शूबर्ट (ईसीएम, २०१५). रात्री, पंखा बंद करून. नॉब तुमच्या नेहमीच्या जागेपासून इतका खाली आणा की सर्वांत मोठा स्वरसमूह समोर बसलेल्या माणसाच्या चढ्या बोलण्याएवढाच वाटेल. पहिली दोन मिनिटं फार लहान वाटेल, हात नॉबकडे जाईल. जाऊ देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कान जुळतो, आणि मग गुडघ्याची ती धप्पसुद्धा ऐकू यायला लागते.